ताटाची वेळ, भुकेची वेळ

धारावी आणि धारणी ही दोन नावं एका दमात घेतली की जीभ अडखळते. एक मुंबईच्या पोटात, दुसरं मध्य प्रदेशच्या सीमेला टेकलेलं मेळघाटातलं तालुक्याचं गाव. पण सरकारी कागदांत ही दोघं एकदा शेजारी बसली होती. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना, म्हणजे आपण जिला अंगणवाडी म्हणून ओळखतो ती, देशातल्या ३३ ठिकाणी प्रयोग म्हणून सुरू केली. त्या यादीत शहरी झोपडपट्टी म्हणून धारावी होती आणि आदिवासी भाग म्हणून धारणी.

म्हणजे लहान मुलाच्या तोंडी सरकारनं घास भरवायचा, ही कल्पना महाराष्ट्रात जिथे सगळ्यात आधी पोचली त्यांत मेळघाट आहे. आणि अठरा वर्षांनी, १९९३ मध्ये, याच मेळघाटातली मुलं शेकड्यांनी मेल्याच्या बातम्या आल्या. 'कुपोषण' हा शब्द मराठी पेपरांच्या पहिल्या पानावर आला तो मेळघाटाचा हात धरून, आणि अजून त्यानं तो हात सोडलेला नाही.

मी परतवाड्याचा. चिखलदऱ्याचा घाट आमच्या गावातून सुरू होतो, त्यामुळे लहानपणापासून दोन्ही दिशेची वाहतूक बघत आलोय. वर जाणाऱ्या गाड्यांत पावसाळी पर्यटक, आणि खाली येणाऱ्या गाड्यांत कामाला निघालेली कोरकू कुटुंबं, डोक्यावर गाठोडं, काखेत लेकरू. योजना इतक्या आधी आली, नंतर तांदूळ आला, खिचडी आली, तरी इथली मुलं का मरत राहिली, हा प्रश्न आमच्याकडे चहाच्या टपरीवरही निघतो. उत्तरं दोनच मिळतात. पहिलं, "वरचे सगळे खाऊन टाकतात." दुसरं, "हे लोक भूमकाकडे जातात, दवाखान्यात जात नाहीत." दोन्हीत तथ्य आहे, आणि दोन्ही अपुरी आहेत. मला जे दिसतं ते वेळेबद्दलचं आहे. इथल्या भुकेची एक वेळ आहे आणि सरकारी ताटाची एक वेळ आहे, आणि पन्नास वर्षांत त्या फार कमी वेळा जुळल्या.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

चिखलदरा आज 'विदर्भाचं नंदनवन' आहे. भीमकुंड, देवी पॉइंट, कॉफीचे मळे, स्ट्रॉबेरी, धुक्यात सेल्फी. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर असल्यानं वऱ्हाडच्या उन्हाळ्यात करपलेल्या इंग्रज साहेबांनी ते आपलं थंड हवेचं ठिकाण केलं. जवळच गाविलगड आहे, डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीनं मराठ्यांकडून जिंकलेला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून जगभर नाव कमावून बसला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि दहा-पंधरा वर्षांत त्यांचं लक्ष या डोंगरांवरच्या सागाकडे वळलं. रेल्वे येत होती, लाकूड हवं होतं. १८६० च्या दशकात इथलं जंगल राखीव करायला सुरुवात झाली.

त्या जंगलात कोरकू राहत होते. त्यांची भाषा मराठीच्या नात्यातली नाही, गोंडीच्याही नाही. तिचं गोत्र झारखंडच्या मुंडारी-संथालीशी जुळतं. 'कोरो' म्हणजे माणूस, त्याला अनेकवचनाचा 'कू' लागला की कोरकू, म्हणजे माणसं. डोंगरउतारावरची झाडं तोडून जाळायची, राखेत कोदो-कुटकीसारखी बारीक धान्यं फेकायची, दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची, अशी त्यांची शेती. सोबत मोहाची फुलं, चारोळी, कंद, पावसाळ्यात रानभाज्या, ओढ्यातले मासे-खेकडे. एक पीक बुडालं तर दुसरं काहीतरी हाताशी असायचं. इंग्रजी वनखात्यानं ही फिरती शेती बंद केली. लाकूडतोडीला मजूर लागत म्हणून वनग्रामं वसवली आणि कोरकूंना ठरलेल्या जागेवर बसवलं. जंगल डोळ्यांसमोर होतं, पण त्यात कधी शिरायचं आणि काय उचलायचं हे आता दुसरा कोणी ठरवत होता.

याचा परिणाम १८९९-१९०० च्या दुष्काळात दिसला. १८९१ आणि १९०१ या दोन जनगणनांच्या मध्ये मेळघाटची लोकसंख्या सुमारे पाचव्या हिश्शानं घटली. पाच माणसांतला एक. वऱ्हाडच्या काळ्या मातीत कापूस पिकत होता, विलायतेला जात होता, आणि वरच्या डोंगरात गावं ओस पडत होती. तेव्हा 'कुपोषण' हा शब्द कोणी वापरत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर जंगलाचा मालक बदलला, नियम फारसे बदलले नाहीत. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला, देशातल्या पहिल्या नऊंपैकी एक. वाघासाठी ते चांगलंच झालं, हे मी मनापासून म्हणतो. पण तारखा शेजारी ठेवून पाहा. १९७४ ला जंगलातून अन्न आणण्याची वाट अजून अरुंद झाली आणि १९७५ ला धारणीत अंगणवाडी आली. सरकारचा एक हात ताट सरकवत होता तेव्हाच दुसरा हात चुलीजवळचा डबा उचलून नेत होता. पुढे २००१ च्या सुमारास बोरी, कोहा, कुंड ही गावं व्याघ्र प्रकल्पातून उठवून खाली अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यात बसवली गेली. त्यानंतरही गावं उठत राहिली. खाली वसवलेल्यांतले काही लोक पुढे पुन्हा जंगलाकडे परतले, कारण खालच्या जागी आजारपण आणि मृत्यू वाढले असं त्यांचं म्हणणं होतं. जानेवारी २०१९ मध्ये केलपाणीजवळ त्यांचा आणि वन कर्मचारी-पोलिसांचा मोठा संघर्ष झाला. टीव्हीवर तो एक दिवस दिसला.

आता वेळेबद्दल.

मराठीत एक शब्द आहे, खावटी. शहरातल्या वाचकाला तो बहुधा माहीत नसेल. शेतातलं धान्य संपलेलं आहे, नवं अजून आलेलं नाही, त्या मधल्या महिन्यांत खाण्यापुरतं जे उसनं घ्यायचं ते खावटी. आधी सावकार देत असे, पिकावर दीडपट-दुप्पट वसूल करत असे. १९७८ मध्ये राज्य सरकारनं आदिवासींसाठी खावटी कर्ज योजना काढली. म्हणजे भूक वर्षभर सारखी नसते, ती ठरलेल्या महिन्यांत येते, हे सरकारला तेव्हाही ठाऊक होतं. त्यासाठी शब्द होता, योजना होती.

चिखलदरा तालुक्यातल्या हतरू, जारिदा, चुर्णी, काटकुंभ या पट्ट्यात वर्ष असं जातं. मृगात पेरणी, घरातलं धान्य बियाण्यात आणि पोटात संपतं. आषाढ-श्रावणात घरात सगळ्यात कमी धान्य आणि वावरात सगळ्यात जास्त काम. बाई पाठीला पोर बांधून निंदणाला जाते, किंवा पाच-सहा वर्षांच्या मोठ्या बहिणीकडे सोडून जाते. त्याच वेळी नाले भरतात, रस्ता तुटतो, पाणी गढूळ होतं. जुलै २०२२ मध्ये पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत विहिरीच्या दूषित पाण्यानं शेकडो लोक आजारी पडले, काही दगावले. आधीच वजन कमी असलेल्या मुलाला एक हगवण पुरते. खाल्लेलं अंगी लागायच्या आत निघून जातं. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या दरवर्षी जुलै ते सप्टेंबरमध्येच का येतात, हे यावरून कळेल. दिवाळीच्या आसपास धान्य घरात येतं, पण थोडं. मग घराला कुलूप लावून माणसं वीटभट्टीवर, संत्र्याच्या बागांत, बांधकामावर निघतात. परततात ती होळीला. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण होळी, फगवा मागत पाच दिवस चालणारा, आणि त्याला कुठूनही गावी यायचंच. मग मोहफूल, मग तेंदूपत्ता, मग पुन्हा आभाळाकडे बघणं.

हे वर्ष डोळ्यांसमोर ठेवा आणि त्यावर शाळेचं वर्ष ठेवून बघा.

शाळेतल्या अन्नाचा इतिहास माझ्या पिढीनं अंगावर घेतलाय. आमच्या आईवडिलांना १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आठवते. मद्रासनं १९२० च्या दशकातच पालिकेच्या शाळेत जेवण देऊन बघितलं होतं. पुढे कामराजांनी ते राज्यभर नेलं आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी फार मोठं केलं. तेव्हा पुष्कळ अर्थतज्ज्ञ हसले होते. राष्ट्रीय पातळीवर मात्र योजना आली ती १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि महाराष्ट्रात तिनं जेवणाचं रूप घेतलं नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाची हजेरी ८० टक्के असेल तर महिन्याला तीन किलो तांदूळ, घरी न्यायचा.

ती तीन किलोची पिशवी मी परतवाड्याच्या शाळेतून घरी नेलेली आहे. जवारीच्या भाकरीवर वाढलेल्या वऱ्हाडी घरात तांदूळ हे सणावाराचं, पाहुण्यांचं धान्य. आमच्या आळीत तो तांदूळ कधी सगळ्यांनी खाल्ला, कधी किराणा दुकानात देऊन साखर-चहापत्ती आली. यात गैर काही नाही. पण ज्याच्या नावानं तो तांदूळ आला त्या पोराच्या पोटात त्यातला किती गेला, हे विचारायची सोय योजनेत नव्हती.

बदल न्यायालयानं घडवला. २००१ मध्ये देशात सरकारी गोदामं गव्हानं फुटत होती आणि राजस्थानात लोक उपाशी होते. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेनं सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात न्यायालयानं सांगितलं की प्रत्येक सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेत शिजवलेलं जेवण द्या, किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षात किमान २०० दिवस. मला हा आदेश फार आवडतो, कारण त्यात 'शिजवलेलं' हा शब्द आहे. त्या एका शब्दानं तांदूळ दुकानात जायचा थांबला आणि मुलाच्या ताटात आला.

पुढच्या वर्षा-दोन वर्षांत खिचडी सुरू झाली. चुलीचा धूर वर्गात येई, शिक्षक डोळे चोळत पाढे घेत. हळूहळू निकष वाढले. आज पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. हिशेब १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला साधारण दीडपट. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं हे जेवण मुलाचा हक्क ठरवलं, २०२१ मध्ये योजनेला पीएम पोषण हे नाव मिळालं. तांदूळ सोडून बाकी सामानासाठी मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे मिळतात. एवढ्यात डाळ, तेल, भाजी, मसाला, इंधन सगळं. तुमच्या हातातल्या चहाच्या कपाची किंमत मनात आणा, पुढे मी काही बोलत नाही.

माझा एक मित्र चिखलदरा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. शिक्षक या योजनेला 'शापोआ' म्हणतात, शालेय पोषण आहाराचं लघुरूप. त्याची सकाळ पोरं मोजण्यापासून सुरू होते: आज किती जेवणार, तांदूळ किती काढायचा, डाळ कोणती. जेवण वाढण्याआधी स्वतः चव घ्यायची आणि चव नोंदवहीत सही करायची. मग मोबाइलवर आकडा भरायचा. त्याच्या शाळेला रेंज नाही, त्यामुळे शाळेमागच्या टेकाडावर एका ठरलेल्या दगडावर उभं राहून तो आकडा पाठवतो. त्या दगडाला पोरांनी 'टॉवर' नाव दिलंय. सगळ्यात कमी बोललं जातं ते स्वयंपाक करणाऱ्या बाईबद्दल. केंद्रानं २००९ मध्ये तिचं मानधन महिना १००० रुपये ठरवलं आणि तिथेच ठेवलं. राज्यानं आपली भर घालून ते २५०० पर्यंत आणलं. तेही शाळा चालू असलेल्या दहाच महिन्यांचं. ती बाई कोरकू आहे. पहिलीत आलेल्या पोराला मराठी येत नाही, गुरुजींना कोरकू जेमतेम. मग त्या दोघांमधली पहिली दुभाषी तीच. 'जोम' म्हणजे खा. मित्र सांगतो, हा शब्द तिच्याकडून तो पहिल्याच आठवड्यात शिकला.

खिचडीवर विनोद खूप झालेत. अळ्या, पाल, कच्ची डाळ, या बातम्या खऱ्या असतात आणि त्या यायलाच हव्यात. पण श्रावणात, घरचं पिंप रिकामं असताना, दुपारी साडेबाराला एक गरम ताट समोर येतं, ही मेळघाटातली फार मोठी गोष्ट आहे. भुकेची वेळ आणि ताटाची वेळ जिथे खरोखर जुळते अशी ही एक जागा.

पण पोराला सहावं वर्ष लागलेलं असेल तर.

१९९३ च्या आणि नंतरच्या बातम्यांमध्ये मेलेली मुलं शाळेतली नव्हती. ती शाळेपर्यंत पोचलीच नव्हती. बहुतेक पाच वर्षांच्या आतली, त्यातही खूपशी एका वर्षाच्या आतली, आणि त्यातली कितीतरी पहिल्या महिन्यातली. पत्रकार शीला बारसे यांनी त्या काळात मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. जून १९९५ मध्ये राज्यानं नवसंजीवनी योजना आणली: पावसाळ्याआधी तुटणाऱ्या गावांत धान्य आणि औषधं पोचवा, गरोदर बायांना मदत द्या. म्हणजे भुकेचं कॅलेंडर कोणीतरी अखेर सरकारी भाषेत लिहिलं. अंमलबजावणी कशी झाली याचं उत्तर पुढच्या याचिकांनीच दिलं. २००७ मध्ये डॉ. राजेंद्र बर्मा यांची जनहित याचिका दाखल झाली, आणि ती इतकी वर्षं चालली की तेव्हा जन्मलेलं मूल आता मतदान करू शकेल.

२००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि इतर संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. सरकारी नोंदीत दिसतात त्याहून कितीतरी जास्त मुलं महाराष्ट्रात मरतात, असं त्यात गावोगाव मोजून दाखवलं होतं. मला त्या अहवालातली मोजण्याची चिकाटी महत्त्वाची वाटते. जन्मून दोन दिवसांत गेलेलं बाळ पुष्कळदा कुठल्याच वहीत येत नसे. ते जन्मलंही नाही आणि मेलंही नाही.

मोजण्याची हत्यारंही बदलली. पूर्वी वजनावरून पहिली ते चौथी श्रेणी होती. 'चौथ्या श्रेणीतलं पोर' हा शब्दप्रयोग जुन्या अंगणवाडी सेविकांच्या तोंडात अजून सापडतो. आता दंडाभोवती गुंडाळायची एक रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की ते अतितीव्र कुपोषित. साडेअकराचा घेर म्हणजे दंडाची जाडी साडेतीन सेंटिमीटरच्या जरा वर. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याच्या साधारण निम्म्या रुंदीएवढा दंड.

कॅमेरे आले की ते डंबा शोधतात. तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापल्या विळ्यानं त्याला चटके द्यायचे, ही तिथली भयंकर प्रथा आहे आणि ती थांबलीच पाहिजे. पण अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं, आईच्या पोटातच उपाशी राहिलेलं बाळ डंब्याआधीच धोक्यात असतं. तो भाग दाखवायला कठीण, कारण त्यात चटक्याचा व्रण नसतो.

म्हणून 'शाळेत खिचडी देऊनही कुपोषण' असा मथळा दिसला की मला दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधल्यासारखं वाटतं. सहा वर्षांच्या मुलाला दिलेलं ताट सहा महिन्यांच्या मुलाला वाचवू शकत नाही. त्यासाठी आईच्या ताटात काय आहे हे बघावं लागतं. सरकारनं ते २०१५ मध्ये बघितलं आणि अमृत आहार योजना आणली, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावानं. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसातून एक चौरस जेवण; पुढच्या वर्षी लहान मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी. कल्पना उत्तम. पण ती बाई त्या दुपारी अंगणवाडीत असेल तर. आषाढात ती निंदणाला असते आणि पौषात शंभर-दोनशे किलोमीटर लांब वीटभट्टीवर.

याच्या आधीची, घरी न्यायची पाकिटं, म्हणजे उपमा, शिरा, सुकडीचं कोरडं पीठ, त्यांच्याबद्दल मेळघाटात काय बोललं जायचं ते मी इथे लिहीत नाही. एवढंच की गाई-म्हशींना ती आवडायची. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या आहाराच्या हजारो कोटींच्या निविदा रद्द केल्या, कारण अटी मोठ्या पुरवठादारांच्या सोयीच्या होत्या आणि गावातल्या महिला बचत गटांना त्यात जागा उरली नव्हती.

मग शाळेच्या ताटाचा या सगळ्याशी काही संबंधच नाही का? आहे, आणि तो मला अलीकडे कळला. २०२१ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. संशोधकांनी १९९३ ते २०१६ मधली देशभरातली सर्वेक्षणं जोडून विचारलं: ज्या मुलींना लहानपणी शाळेत जेवण मिळालं, त्यांना पुढे झालेल्या मुलांचं काय? ती मुलं वयाच्या मानानं उंच भरली. खुजेपणा कमी आढळला. परिणाम गरीब घरांत जास्त दिसला. मधला रस्ताही समजण्यासारखा आहे: जेवणानं मुलगी शाळेत टिकली, जास्त शिकली, पहिलं मूल उशिरा झालं, दवाखान्याशी ओळख झाली.

गणित करून बघा. चिखलदऱ्याच्या एखाद्या पाड्यावर २००३ मध्ये पहिलीत बसून खिचडी खाणारी मुलगी २०१५ मध्ये अठरा वर्षांची झाली. तिचं पोर आज दुसरी-तिसरीत असेल. ते जगलं असेल, त्याचा दंड पट्टीच्या हिरव्या रंगात आला असेल, तर त्यात त्या जुन्या ताटाचा वाटा असू शकतो. पण हा वाटा कुठल्याच तक्त्यात येत नाही. योजनेचा हिशेब महिन्याला होतो आणि परिणाम पंधरा वर्षांनी दिसतो, त्यामुळे पैसा कमी पडला की कात्री इथे चालते. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि शाळांना सांगितलं की हवं तर लोकवर्गणीतून द्या. मेळघाटातल्या शाळेनं वर्गणी कोणाकडे मागायची? ज्या घरातलं पोर ते अंडं खाणार, त्याच घराकडे?

आणि त्याच २०२५ च्या नोव्हेंबरात मुंबई उच्च न्यायालयासमोर आकडा आला की जूनपासून मेळघाटात सहा महिन्यांच्या आतली ६५ बाळं दगावली. जून ते नोव्हेंबर. तेच महिने. न्यायमूर्तींनी सरकारला खडसावलं, सचिवांना बोलावलं. २००७ च्या याचिकेच्या फायलीत अजून काही पानं वाढली.

नोव्हेंबर हा माझ्या मित्राच्या शाळेतही वेगळा महिना आहे. दिवाळीच्या सुट्टीत ताट बंद असतं, आणि शाळा उघडते तेव्हा पट अर्धा झालेला असतो. पोरं भट्टीवर गेलेली. स्थलांतरित मुलांसाठी राज्यानं शिक्षण हमी कार्ड काढलंय: हे दाखवलं की जिथे जाल तिथल्या शाळेत बसायला मिळायला हवं, आणि बसलं की जेवायलाही. मित्र ती कार्डं दिवाळीआधी भरून देतो. किती मुलांनी ती कुठे दाखवली हे त्याला होळीला कळतं. गेल्या वर्षी त्यानं १४ कार्डं दिली होती. चौघा जणांनी ती वापरली. तिघांनी हरवली. एका तिसरीतल्या मुलीनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, चार महिने भट्टीवरच्या झोपडीत छताला खोचून ठेवून, जशीच्या तशी परत आणून दिली. तिथे जवळपास शाळाच नव्हती. तिनं ते टेबलावर ठेवलं आणि जेवणाच्या रांगेत जाऊन बसली.